होर्डिंगवरचे चेहरे आणि पटावरची पोरं

भाऊसाहेबांना विचारा

दहावीचा निकाल लागला की या सदराचं टपाल एकदम वाढतं. या खेपेला बहुतेक पत्रांत एकच प्रश्न आहे. पोराला अनुदानितमध्ये ठेवायचं की खाजगीत घालायचं, आणि पुढं कॉलेजला नंबर लागायला त्याचा काही फरक पडतो का? चार पत्रं निवडली आहेत, नावं गाळली आहेत. नव्या वाचकांसाठी सांगतो, मी शिक्षक नव्हे. सोलापुरातल्या एका अनुदानित ज्युनिअर कॉलेजातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो. फिजिक्स मला विचारू नका. दाखला, फी, यादी आणि फॉर्म यांतलं काहीही विचारा.

भाऊसाहेब, मी विडी घरकुलात राहते. मी विड्या वळते, मालक टॉवेलच्या कारखान्यात आहेत. मुलीला दहावीला ८९ टक्के पडले. शाळा अनुदानित, सेमी इंग्रजी. आठवीत ती एनएमएमएस या सरकारी स्कॉलरशिप परीक्षेला बसली होती, त्याची स्कॉलरशिप मिळते. तिला कॉम्प्युटर इंजिनिअर व्हायचंय. शेजारच्यांनी त्यांच्या मुलाला एका खाजगी कॉलेजात घातलंय, दोन वर्षांचं पॅकेज सव्वा लाख. त्यांच्या बोर्डावर ९९ वाली सतरा पोरं आहेत. आम्ही साध्या कॉलेजात घातलं तर पोरीचं नुकसान होईल का? सोनं मोडायची तयारी आहे.

ताई, सोनं राहू द्या. आधी फॉर्मचं बघू.

साधं कॉलेज म्हणजे सरकारी, असं तुमच्या पत्रावरून वाटतंय. तसं ते नसतं. आपल्याकडं जिल्हा परिषदेच्या शाळा बहुतेक सातवी-आठवीला थांबतात. त्यापुढची सोलापूरची जुनी नावं घ्या, हरिभाई देवकरण प्रशाला, दयानंद, संगमेश्वर, वालचंद. सगळी खाजगी संस्थांनीच काढलेली. सरकार देतं तो मंजूर पदांवरच्या शिक्षकांचा पगार, म्हणून फी कमी. त्यातही एकाच इमारतीत, एकाच जिन्याच्या डाव्या हाताची तुकडी अनुदानित आणि उजव्या हाताची विनाअनुदानित असू शकते. गेट एक, गणवेश एक, फीची पावती मात्र वेगळी.

२०२५-२६ पासून अकरावीचा ऑनलाइन प्रवेश सगळ्या राज्याला लागू झाला, सोलापूरही त्यात आलं. पसंतीक्रम भरताना एकच कॉलेज तुम्हाला दोन-तीनदा दिसेल. नाव बघून टिक करू नका. नावापुढं अनुदानित, विनाअनुदानित की स्वयंअर्थसहाय्यित (सगळा खर्च फीतून) काय लिहिलंय ते वाचा आणि मग टिक करा. सायबर कॅफेवाला पोरगा घाईत असतो, त्याच्यावर सोडू नका. दहा पसंती देता येतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर तिथं प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर. म्हणून पहिल्या नंबरला शेजाऱ्याच्या हौशीचं कॉलेज टाकू नका.

आता इंजिनिअरिंग. मुलीचे ८९ टक्के अकरावीच्या दारापर्यंत उपयोगाचे. बारावीनंतर इंजिनिअरिंगला बारावीच्या पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ग्रुपला ४५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ४०. ती झाली पात्रता. यादी लागते सीईटीच्या, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या, पर्सेंटाइलवर. सीईटी म्हणजे १५० प्रश्न, २०० गुण. गणिताचा प्रत्येक प्रश्न दोन गुणांचा, बाकीचे एकेकाचे, चुकलं तरी गुण कापत नाहीत. अकरावीचा भाग २० टक्के, उरलेला बारावीचा, आणि अभ्यासक्रम आपल्या स्टेट बोर्डाचाच. एक लक्षात ठेवा, गणिताचा पेपर फक्त इंग्रजीतच असतो. सेमीची मुलगी आहे, तिला त्याचं काही वाटायचं नाही. या सगळ्यात ज्युनिअर कॉलेजच्या नावाला एकही मार्क नाही. कॅप राऊंडचं, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीचं, कॉम्प्युटर ते बघतसुद्धा नाही.

मग बोर्डावरची सतरा पोरं? निकालाच्या दिवसांत एकदा सात रस्त्याला जा आणि मान वर करून नीट बघा. एकच मुलगी तीन होर्डिंगांवर दिसेल. एक कॉलेजचं, एक क्लासचं, एक टेस्ट सिरीजवाल्याचं. फोटो तोच, आयडी कार्डावरचा, कानामागची क्लिपसुद्धा तीच. तिघांनाही ती आपलीच वाटते, आणि तिला घडवणारी दहावीपर्यंतची शाळा कुठल्याच बोर्डावर नसते. ९९ पर्सेंटाइल म्हणजे शंभरात ९९ मार्क, असाही अर्थ काढू नका. परीक्षेला बसलेल्या दर शंभरातले साधारण ९९ जण तिच्या बरोबरीला किंवा मागं आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

होर्डिंग बघून माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो पटाचा. सतरा पोरं पटावरच्या किती पोरांतली? साठातली सतरा असतील तर मी टोपी काढीन. सहाशेतली असतील तर उरलेली कुठं गेली ते विचारायला हवं. आणि दुसरा प्रश्न, ती सतरा आत आली तेव्हा दहावीला त्यांना किती होते? प्रवेशाच्या खिडकीमागं बसून सगळी हयात गेली, त्यामुळं हे पक्कं सांगतो. ज्या कॉलेजात ९५ च्या वरचीच पोरं जातात, तिथं निकाल चांगला लागतोच, वर्गात कुणीही उभं राहो. काही खाजगी ठिकाणी ९५ च्या वरच्याला फी माफ असते, वर पुस्तकं फुकट. ८० ते ९० वाल्याकडून फी पूर्ण. म्हणजे तुम्ही मोडलेल्या सोन्यातून कुणाचा फोटो होर्डिंगवर चढणार ते समजून घ्या.

याचा अर्थ अनुदानित कॉलेज म्हणजे आनंदीआनंद, असं नाही. पदं रिक्त राहतात. तासिका तत्त्वावरचे शिक्षक येतात, त्यांचा पगार वेळेवर होत नाही, चांगला असतो तो दिवाळीनंतर दुसरीकडं जातो. खाजगीवाल्यांची एक गोष्ट मला मनापासून मान्य आहे, दर आठवड्याला टेस्ट घेतात आणि घेतातच. घड्याळ लावून पेपर सोडवायची सवय ही खरी चीज आहे. ती सव्वा लाखाशिवाय मिळू शकते, पण मिळवावी लागते. टेस्ट सिरीज वेगळी लावता येते.

म्हणून कॉलेज ठरवायच्या आधी तुम्ही आणि मुलगी दोघी तिथं जाऊन या, अनुदानित असो की खाजगी. ऑफिसात विचारा की फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्सचे सर कायम आहेत की तासिकेवर. मग बारावीच्या दोन-तीन पोरींकडं फिजिक्सची जर्नल बघायला मागा. कुणी नाही म्हणत नाही. तीनही जर्नलमध्ये लोलकाचं रीडिंग दशांशापर्यंत सारखंच निघालं, तर त्या प्रयोगशाळेत लोलक हललेला नाही, फळ्यावरून उतरवलंय. बारावीला फिजिक्सच्या शंभरातले ३० गुण प्रॅक्टिकलचे असतात, म्हणून कुणी उतरवतं, कुणी उतरवून देतं. जिथं रीडिंग वेगवेगळी, एखादं खोडलेलं, खाली सरांची लाल शाई, तिथं शिकवतात. माझ्यापुरती ही परीक्षा कुठल्याही जाहिरातीपेक्षा मोठी.

आता पैशाचं. तुमच्या मुलीला एनएमएमएस आहे. वर्षाला १२,००० रुपये, नववी ते बारावी. ही स्कॉलरशिप सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे. मुलगी स्वयंअर्थसहाय्यित कॉलेजात गेली की स्कॉलरशिप बंद. म्हणजे सव्वा लाखात अजून २४,००० मिळवा, मग खरा खर्च कळेल.

मुलीचा दाखला ओबीसीचा असल्याचं तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय. मग जात पडताळणीचा अर्ज अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत टाका. दरवर्षी जून-जुलैत पडताळणी समितीच्या दारात रडकुंडीला आलेले पालक असतात, पर्सेंटाइल हातात आणि व्हॅलिडिटी नाही. नॉन-क्रिमीलेअरचा दाखलाही वेळेत काढा. ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे. अट एवढीच की प्रवेश कॅपमधून हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नको. तुमच्या मुलीला इंजिनिअरिंगची फी जवळपास लागणारच नाही, आणि तुम्ही त्याच्या आधीच्या दोन वर्षांसाठी सोनं मोडताय.

एक दार अजून आहे, त्याकडं लोक बघत नाहीत. दहावीनंतर शासकीय तंत्रनिकेतन. ८९ वाल्या मुलीनं डिप्लोमा केला तर डिप्लोमाच्या गुणांवर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, सीईटी नाही. वर्षंही तेवढीच लागतात. कॉम्प्युटर डिप्लोमाला चढाओढ असते, पण फॉर्म टाकून ठेवायला काय जातंय?

नमस्कार भाऊसाहेब. साखर पेठेत आमचं दुकान आहे. घरी तेलुगू बोलतो, हैदराबादेत मेहुणे आहेत. मुलगा दहावी पास झालाय, डॉक्टर व्हायचं म्हणतो. तिकडच्या मोठ्या कॉर्पोरेट कॉलेजचं हॉस्टेल बघून आलोय, पहाटेपासून रात्रीपर्यंत अभ्यास. फी जास्त आहे पण जमेल. सोलापुरातल्या कॉलेजात ठेवून वेळ घालवू नये असं मेहुण्यांचं म्हणणं. आपलं मत?

शेठ, अॅडव्हान्स भरला नसेल तर हे पत्र शेवटपर्यंत वाचा. भरला असेल तर दोनदा वाचा.

सरकारी मेडिकल कॉलेजच्या जागांतल्या १५ टक्के अखिल भारतीय कोट्यात जातात, ८५ टक्के राज्याच्या. आपल्या डॉ. वैशंपायन मेडिकल कॉलेजचंही तेच. महाराष्ट्राच्या ८५ टक्क्यांत बसायचं तर अधिवास महाराष्ट्राचा हवा, आणि दहावी व बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या संस्थेतून पास हवी. केंद्र सरकारी नोकरांच्या मुलांना वगैरे काही सवलती आहेत, दुकानदाराला नाहीत. मुलगा बारावी हैदराबादेत झाला की राज्याच्या कोट्याचं दार बंद. रेशनकार्ड साखर पेठेचं असलं तरी बंद.

मग तेलंगणाच्या कोट्यात घेतील? नाही. तिथं स्थानिक ठरायला त्या राज्यात सलग चार वर्षं शिकावं लागतं, तुमचा मुलगा दोनच शिकणार. तेलही गेलं, तूपही गेलं. हातात उरला अखिल भारतीय कोटा, म्हणजे सगळ्या देशाशी झुंज.

हे मेहुण्यांना माहीत नसतं, कारण त्यांच्या मुलांना ते लागत नाही. आणि ते हॉस्टेल दाखवणारा माणूस हे आपण होऊन कशाला सांगेल? सोलापुरातली तेलुगू घरं मी ऑफिसात पुष्कळ बघितलीत. नीट या मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचे मार्क चांगले, आणि इथल्या यादीत नाव नाही म्हणून वडील माझ्या टेबलापाशी दाखला बदलून मागतायत. दाखला बदलत नसतो हो.

त्याला इंजिनिअरिंगला जायचं असतं तर गोष्ट वेगळी होती. तिथं दहावी-बारावी बाहेरून झाली तरी मुलाचा किंवा आई-वडिलांचा अधिवास महाराष्ट्राचा असेल तर राज्याच्या यादीत धरतात. मेडिकलला धरत नाहीत.

नीट १८० प्रश्नांची, ७२० गुणांची. बरोबर आलं तर चार, चुकलं तर एक कापतात. बारावीला पीसीबीत (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) ५० टक्के, राखीवला ४०, एवढं झालं की कॉलेज कुठलं हे कुणी बघत नाही. पोराला पहाटेपासून रात्रीपर्यंत अभ्यासच करायचा असेल तर तो घरी, आईच्या हातचं खाऊनही होतो. नाव इथल्या कॉलेजात घाला, क्लास हवा तर लावा. फक्त नाव एकीकडं आणि पोरगं दुसऱ्या गावाला, असली व्यवस्था कुणी सुचवली तर नाही म्हणा. बारावीला हजेरी ७५ टक्के लागते. खोटी हजेरी मांडणारा क्लार्क मी पाहिलाय, आणि चौकशी लागल्यावर कागदावर सही कुणाची निघाली तेही पाहिलंय. संस्थाचालकाची नव्हती.

दादा, मी जुळे सोलापुरात रिक्षा चालवतो. पोरगा आरटीईतून (शिक्षण हक्क कायद्याच्या मोफत जागेवर) इंग्रजी शाळेत लागला होता, आठवी झाली. आता शाळा म्हणते नववीपासून पूर्ण फी. मला झेपत नाही. अनुदानित शाळेत टाकलं तर मागं पडेल का? धाकटी अनुदानित शाळेत सहावीला आहे.

आरटीईचा कायदा आठवीपर्यंतच आहे, त्यामुळं शाळा फी मागते ते नियमात बसतं. प्रवेशाच्या वेळीच पालकांना हे सांगायला पाहिजे होतं, ते कुणी सांगत नाही, ती गोष्ट निराळी.

बदलायचं तर आत्ताच, नववीला. दहावीच्या तोंडावर नको. सेमी इंग्रजी तुकडी बघा, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतच राहील. त्याला जड जाईल ते मराठी. निबंध, पत्र, व्याकरण. उन्हाळ्यात रोज एक पान लिहायला लावा, दिवाळीपर्यंत रुळेल. दहावीला बेस्ट ऑफ फाइव्ह आहे, २०१० पासून. सहांतले चांगले पाच विषय धरतात, तेव्हा एका विषयात मागं राहिला तर आभाळ कोसळत नाही. चित्रकला बरी असेल तर शाळेत ड्रॉइंगचे सर आहेत का बघा. इंटरमिजिएट पास झाल्याचे वाढीव गुण दहावीला मिळतात.

दाखल्यासाठी तोंडी मागू नका. अर्ज लिहा, दोन प्रती करा, एकीवर पोच म्हणून शिक्का घ्या.

धाकटीचं मात्र आत्ताच मनात धरा. आठवीला गेली की एनएमएमएसला बसवा, वर पहिल्या पत्रात सांगितलंय तीच. उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाखांची आहे, तुम्ही त्यात बसाल. इंग्रजी शाळेतल्या तुमच्या मुलाला ती परीक्षाच देता आली नसती. विनाअनुदानित शाळेतल्या मुलांना ती नाही.

भाऊसाहेब, आपण अनुदानितचा पगार घेतला म्हणून अनुदानितची बाजू घेता, असं गेले काही अंक वाचून वाटतं. खाजगी शाळांचं इंग्रजी आणि आत्मविश्वास आपणांस दिसत नाही काय? आपली स्वतःची मुलं कुठं शिकली? – एक वाचक, बार्शी

थोरली अनुदानित शाळेत, धाकटा इंग्रजी माध्यमात. दोन्ही वेळा निर्णय घरातून झाला, मी फक्त फॉर्म भरले. पगार अनुदानातून घेतला हे खरं, आणि उशिरा घेतला हेही खरं.

इंग्रजी दिसतं की. मुलाखत, सभाधीटपणा, मेल लिहिणं यात ती पोरं पुढं असतात, निदान सुरुवातीला. पण पत्रं प्रवेशाबद्दल येतात म्हणून मी प्रवेशाबद्दल लिहितो, आणि प्रवेशाच्या यादीत आत्मविश्वासाचा रकाना नाही. पूर्वी दिल्ली विद्यापीठात बारावीच्या टक्क्यांवर प्रवेश व्हायचा, कटऑफ शंभरापर्यंत गेला होता. तेव्हा सढळ हातानं मार्क देणाऱ्या बोर्डाचा फायदा होता. २०२२ पासून तिथंही सीयूईटी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा आली. आपल्याकडं २०२४ पासून बीबीए, बीसीएलासुद्धा सीईटी आहे. जिथं जिथं सीईटी येते तिथं शाळेच्या नावाचं वजन कमी होतं, आणि क्लासच्या फीचं वाढतं. ही दुसरी गोष्ट मला आवडत नाही, पण ती आहे.

तुम्ही शिकलेले दिसता म्हणून एक सांगतो. आंध्र प्रदेशात कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या अर्थशास्त्रज्ञांनी गावोगावी सोडत काढून सरकारी शाळेतल्या काही मुलांना खाजगी शाळेची फी देऊ केली. सोडतीमुळं हुशार पोरं एकीकडं, कच्ची दुसरीकडं असं झालं नाही. दोन्ही गट सारखे. चार वर्षांनी बघितलं तर तेलुगू आणि गणितात दोन्हीकडची मुलं सारखीच. हिंदीत खाजगीतली पुढं, कारण सरकारीत तो विषय जवळजवळ नव्हताच. आणि खाजगी शाळांचा दर मुलामागचा खर्च सरकारीच्या एक तृतीयांशाच्याही आत. २०१५ साली हा अभ्यास छापून आला. प्राथमिक वर्गांचा आहे, बारावीला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण यात दोन्ही बाजूंना चिमटा आहे, तो घ्या. खाजगीवाल्यांनी जास्त शिकवलं नाही, आणि सरकारीवाल्यांनी तिप्पट पैशात तेवढंच शिकवलं.

तमिळनाडूनं तर सरकारी शाळेत सहावी ते बारावी शिकलेल्यांना मेडिकलला साडेसात टक्के जागा राखून ठेवल्या, २०२० साली. आपल्याकडं तसं काही नाही. असतं तर शहरातल्या किती पालकांनी सहावीलाच दाखले फिरवले असते, याची मी कल्पना करून बघतो आणि हसू येतं.

सर्वांना सूचना: पत्रासोबत मूळ गुणपत्रिका, मूळ दाखले पाठवू नका, झेरॉक्स पुरे. मागच्या महिन्यात आलेल्या मूळ प्रती स्पीड पोस्टानं परत केल्या आहेत. पोच झाली का ते कार्यालयाला कळवा. अकरावीच्या पसंतीक्रमाची छापील प्रत पाठवणार असाल तर फॉर्म लॉक करायच्या आधी पाठवा. लॉक झाल्यावर मी फक्त वाचू शकतो.